लंकाआत्याच्या हाताचं वय

आमच्या टोळीचे मुकादम गहिनीनाथ यांचा आवाज काढायचा तर आधी नाक चिमटीत धरावं लागतं. शिवाय स्वतःबद्दल बोलताना शेजारगावच्या कुणा मोठ्या असामीबद्दल बोलतोय असं वाटलं पाहिजे. "गहिनीनाथाकडं दीड कोयता आला, तर गहिनीनाथ दीड कोयत्याचाच फड देनार." हा दीड कोयता म्हणजे आमचं घर. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस असेल तर अर्धा. माझे आई-वडील मिळून एक, आणि वडिलांची बहीण लंकाबाई, माझी लंकाआत्या, अर्धी. कारखान्याच्या एका साहेबानं एकदा तिला विचारलं, बाई, तुम्हाला अर्धा कोयता म्हटलेलं चालतं का? आत्या म्हणाली, "कोयत्याला अर्धी हाय, साहेब. भाकरीला पुरी हाय."

अशी ती. बोलायची थोडंच, पण बोलली की समोरच्याला दोन दिवस पुरायचं.

आमची वाडी जामखेडच्या पलीकडं. दिवाळी झाली की निम्मी वाडी दाराला कुलपं लावून काष्टीकडच्या उसात उतरते आणि ऊन तापायला लागलं की परत येते. आत्या पंधराव्या वर्षी लग्न होऊन उसात गेली ती नवऱ्याबरोबर. काकासाहेब त्याचं नाव. माणूस सरळ होता म्हणतात. एका हंगामात मोळ्यांनी भरलेली ट्रॉली चढावर उलटली आणि तिच्याखाली तो गेला. मूलबाळ नव्हतं. वडील आत्याला माहेरी घेऊन आले, आणि पुढच्या दिवाळीला ती माझ्या आई-वडिलांबरोबर परत उसात. रडून-भेकून घरी बसायची सोयच नव्हती, असं आई सांगते. आईला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय आहे, म्हणून हे मी दोनदा ऐकलंय.

फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, बायका साडीवरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. उसाचं पान दिसायला साधं, पण कडेला धार असते. उघड्या हातावर दिवसभर बारीक बारीक रेघा ओढत राहतं. आत्यानं काकासाहेबांचे दोन शर्ट चिंध्या होईपर्यंत घातले. मग आईनं वडिलांचा पुढं केला, तर म्हणाली, भावाचा शर्ट वहिनीनं घालायचा. बाजारातून नवा आणू म्हटलं, तर म्हणाली, "दुकानातल्या शर्टाला कोन इचारनार, तू कुनाचा?" तिथून पुढं ती उघड्या हातानंच तोडायची. संध्याकाळी चूल पेटली की हळद आणि गोडंतेल वाटीत कालवायचं आणि मनगटापासून कोपरापर्यंत चोळायचं. सगळ्याच बायका थोडी थोडी लावतात. हिची वाटीच वेगळी असायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायकांचं बोट तिला वगळून पुढच्या कपाळाकडं जातं, आणि इथं तीच हळद रोज हातभर. यावरही ती हसायची.

दुसरा अर्धा कोयता म्हणजे भागवत. त्याचा आवाज काढणं अवघड, कारण त्याच्या बोलण्यात निम्मं गप्प बसणंच असतं. आधी म्हणणार, "म्हंजे बगा," मग आपण बघत राहायचं, आणि बघून कंटाळलो की पुढचं वाक्य येणार. त्याची बायको किडनीच्या दुखण्यानं गेली. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तो तिला पहाटेच्या एसटीनं नगरला न्यायचा, रक्त धुऊन घ्यायला. येताना ती त्याच्या खांद्यावर झोपायची आणि हा उठवायला नको म्हणून लघवीलासुद्धा उतरायचा नाही. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. त्याच एसटीचा कंडक्टर आमच्या वाडीचा, त्यानं सांगितलं. एकुलती मुलगी नांदायला गेली आणि भागवत आमच्या टोळीत अर्धा म्हणून आला.

हाताला त्याला स्वस्थता नव्हती. फडातून आला की सुताचे पीळ घेऊन बसायचा आणि बैलांसाठी वेसण, कासरा, म्होरकी वळायचा. गाडीवानांना त्याच्याच वेसणी लागायच्या, नाकाला काचत नाहीत म्हणायचे. आत्या हळद चोळत बसायची आणि हा समोर वेसण वळत. मध्ये चूल. दोघं काय बोलायची ते ऐकलं तर ऐकणाऱ्याला झोप यावी. आज ऊस आडवा होता. व्हय, लई आडवा होता. उद्या कालव्याकडचा फड हाय म्हनं. व्हय का? व्हय.

पण कान असेल तर एक गोष्ट ऐकू आली असती, आणि ती पहिल्यांदा माझ्या आईनं ऐकली. दिवाळीला आत्या त्याला "भागवतभाऊ" म्हणायची. मार्गशीर्ष लागला तोवर त्यातला भाऊ गळून पडला होता. "म्हंजे बगा," आई मला कॉलेजच्या गावी फोन करून भागवतच्याच आवाजात म्हणाली, "भाऊ गेला. भाऊ गेला गं सृष्टे."

एकदा त्यानं स्वतःचा चांगला पूर्ण बाह्यांचा शर्ट धुऊन, घडी घालून तळावरच्या आमच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दारात आणून ठेवला. आत्यानं तो दिवसभर तिथंच राहू दिला आणि संध्याकाळी आईच्या हातानं परत पाठवला. निरोप असा दिला की आत्ता घातला तर तळावर तमाशा होईल, रीतीनं काय ते झाल्यावर बघू. रीतीनं काय ते झाल्यावर, हे शब्द तिच्या तोंडून आले म्हणजे निम्मं काम झालं होतं. भागवतला काष्टीत जनावरांच्या बाजाराच्या कडेला एक गाळा मिळणार होता. दोर, वेसणी, घुंगरमाळा विकायच्या, मागं एक खोली. तो मुकादमाच्या समोर माझ्या वडिलांना रीतसर बोलला. म्हंजे बगा, आमी दोघं दोन ठिकानी अर्धे हाव. लंकाबाईंना पुढल्या दिवाळीपासनं ऊस नको. यावर मुकादम नाकातून म्हणाले, "गहिनीनाथाचा एक कोयता कमी हुतोय, पन गहिनीनाथाची हरकत न्हाई."

आत्यानं संक्रांतीनंतर सांगते म्हटलं. पण आईला तिनं आधीच विचारून ठेवलं होतं, "वहिनी, त्या गाळ्याम्होरं झाड हाय का नुसता पत्रा, तेवढं इचारून घ्या." तीस वर्षं उन्हात काढलेल्या बाईनं झाड आहे का विचारलं की समजायचं, ती आत शिरली.

संक्रांतीला माझ्या कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी तळावर होते. त्याच दिवसांत नगरच्या एका कॉलेजातून प्रार्थना मॅडम मशीन घेऊन आल्या. त्या नगरच्याच, ख्रिस्ती घरातल्या, अंगानं बारीक, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओके?" त्या ओके म्हणाल्या की कोंडाळं करून बसलेल्या बाया एका सुरात "व्हय" म्हणायच्या. त्यांचं संशोधन उन्हात राबणाऱ्या माणसांच्या कातडीवर होतं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आपण श्वासातून ऑक्सिजन घेतो, त्यावर जगतो, पण तोच आपल्याला आतून गंजवतोसुद्धा. ओके? लोखंड गंजतं तसं. ऊन, धूर, तंबाखू यांनी गंज जास्त चढतो आणि शरीराला तो निपटायला जमत नाही, याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. ओके? मग कातडीत साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटून एक चिवट माल साठतो. तो निघत नाही. जांभळ्या उजेडात तो चमकतो. जेवढा चमकेल तेवढं कातडं म्हातारं.

"म्हंजे गुळाच्या काहिलीच्या बुडाला करपून बसतं तसलं," एक बाई म्हणाली. मॅडमना ते इतकं आवडलं की पुढच्या कोंडाळ्यात त्यांनी तेच सांगितलं.

दुसरीनं विचारलं की मिश्री लावते त्याचं बी दिसंल का. मॅडम म्हणाल्या, दिसेल. त्यासरशी तीन-चार जणी मागं सरकल्या.

मशीन म्हणजे हात टेकवायला खाच असलेली एक पेटी. पुढचा हात उपडा करून ठेवायचा, आत जांभळा उजेड लागायचा, आणि शेजारच्या लॅपटॉपवर आकडा यायचा, कातड्याचं वय. मॅडमना खरं तर आकडे सांगायचे नव्हते, नुसते गोळा करायचे होते. पण आकडा असतो आणि तो आपल्याला सांगत नाहीत, हे तळावर कुणी चालू देईल का? त्याची जत्राच झाली. छपन्न वर्षांच्या मुकादमांचं कातडं पन्नासचं निघालं. हंगामभर जीपच्या सावलीत बसलेला माणूस, दुसरं काय निघणार. त्यांनी दोन्ही बाह्या दुमडल्या आणि तळाला एक फेरी मारली. "पन्नास. गहिनीनाथ आजून पन्नासातच हाय." माझ्या आईला एक्केचाळिसाव्या वर्षी त्रेपन्न मिळाले. तिनं दोन दिवस मशीनला, आणि मशीन मिळालं नाही तेव्हा वडिलांना, सुनावलं. बाकीच्या बायांचेही दहा-बारानं चढलेले आले. उसात असंच असणार म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

मग आत्यानं हात ठेवला. मॅडमनी आधी सगळ्यांना विचारायच्या तेच विचारलं, हाताला क्रीम, पावडर, लोशन असलं काही लावलंय का? आत्या म्हणाली, "क्रीम लावून ऊस कोन तोडतं, मॅडम?" सगळ्या हसल्या, मॅडमही हसल्या आणि "नाही" असं टिपून घेतलं.

उजेड लागला. मॅडमनी आकडा बघितला आणि परत हात ठेवायला सांगितलं. मग दुसरा हात. मग मशीन बंद करून चालू केलं आणि परत पहिला हात. या सगळ्यात त्या एकदाही ओके म्हणाल्या नाहीत, आणि तेच आम्हाला आधी ऐकू आलं.

त्यांनी आत्याला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाल्या की हे मशीन म्हणजे डॉक्टर नाही, घाबरायचं काही कारण नाही. पण एवढा आकडा कधी कधी आत साखरेचा आजार असला तर येतो, किंवा किडनी नीट काम करत नसली तर. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासून घ्या, नक्की घ्या. आत्यानं आकडा विचारला. मॅडम टाळत होत्या. आत्या म्हणाली, "हात माझा हाय, मॅडम." तेव्हा त्यांनी लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. चव्वेचाळीस वर्षांच्या आत्याच्या हाताचं वय बहात्तर होतं.

त्या सगळ्यातला एकच शब्द तिनं उचलला, किडनी.

आईनं तिला त्या दिवशी संध्याकाळपासून दवाखान्याचा तगादा लावला. उद्या जाऊ, उद्या जाऊ. आत्या म्हणायची, पट्टा पडला की जाऊ, म्हणजे कारखाना बंद होऊन हंगाम संपला की. फड सोडून जाता येत नव्हतं असं नाही. तळावरून रोज कुणी ना कुणी दवाखान्यात जातच असतं. ती गेली असती तर एका सुईनं सगळं समजलं असतं. आई आजही हे दोनदा म्हणते आणि दोन्ही वेळा तिचा आवाज शेवटाला पडतो. पण आत्याला तपासायचं काहीच उरलं नव्हतं. अलीकडं तिचे पाय सुजायचे, दम लागायचा; उसात कुणाचे सुजत नाहीत? ते सगळं तिनं त्या आकड्याखाली नेऊन ठेवलं आणि बेरीज बरोबर आली.

ठरल्याप्रमाणे भागवत उत्तर घ्यायला आला. कोपीला भिंत नसते. बांबू आणि पाचटाचा कूड असतो, त्यातून वारा येतो तसं बोलणंही येतं. आई आणि मी आत होतो. तो चुलीपाशी बसला. सुताचे पीळ त्या दिवशी आणले नव्हते.

"म्हंजे बगा," तो म्हणाला, आणि बराच वेळ गेला. "काय ठरलं?"

"ठरायचं काय त्यात, भागवतभाऊ," आत्या म्हणाली.

भाऊ परत आला होता. आईनं माझं मनगट धरलं.

मग तिनंच पुढं सुरू केलं, आवाज जरासुद्धा न चढवता, भाकरी थापताना बोलतात तसं. "तुमाला बायको नको हाय. तुमाला आजारी मानूस पायजे हाय. पयलीला दोन वर्सं एसटीतनं मिरवली, लोकांनी वा वा केलं. त्याची चटक लागली तुमाला. मला तसलं मिरवायला देनार न्हाई मी."

भागवत उठला. म्हंजे बगासुद्धा म्हणाला नाही. दोन दिवसांनी मुकादमांना सांगून तो पलीकडच्या टोळीत गेला.

तो गेल्यावर आईनं आत्याला धरलं. असं कसं बोललीस, असं कसं बोलवलं तुला? नाही म्हणायचं होतं तर साधं नाही म्हणायचं. आत्या म्हणाली, "साधं म्हनले असते तर परत इचारायला आला असता." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आनी तिसऱ्यांदा बी." चूल विझवून झाल्यावर तिनं एवढंच सांगितलं की एक बाई त्या माणसानं नगरला नेऊन नेऊन संपताना बघितली, दुसरी त्याच्या खांद्यावर द्यायची नाही. हे भागवतच्या कानावर जाता कामा नये, अशी आईला तिनं शपथ घातली. आईनं ती पाळली, आणि आईनं एखादी गोष्ट एकदाही न बोलणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

माघात भागवतचं लग्न झालं. पलीकडच्या टोळीतच राजेश्वरी म्हणून एक बाई होती, नवऱ्यानं टाकलेली. तिच्या भावांनी पुढाकार घेतला, तिकडच्या मुकादमांनी हार आणले, आणि हंगाम संपायची वाटही न बघता दोघं काष्टीच्या गाळ्यात राहायला गेली. तळावर त्याची बातमी मुकादमच घेऊन आले. "गहिनीनाथानं दोन अर्धे जोडायला घेतले हुते, जोडले भलत्यानंच." आत्या तेव्हा मोळी बांधत होती. तिनं ती बांधली, डोक्यावर घेतली आणि गाडीकडं गेली.

प्रार्थना मॅडम परत आल्या त्या शिमग्याच्या आधी. त्यांच्या सरांनी आकडे बघून विचारलं होतं की बायकांचे पुरुषांपेक्षा एवढे कसे चढलेत, चूल आणि मिश्री धरूनसुद्धा. म्हणून त्या चार प्रश्न जास्तीचे विचारायला आल्या होत्या. दिवसभर बाया फडात, त्यामुळं त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या. आईनं त्यांना चहा दिला. चुली पेटल्या आणि एकेक बाई वाटी घेऊन बसली. आत्यानंही तिची वाटी पुढं ओढली आणि चोळायला घेतलं.

मॅडमचा कप तोंडापर्यंत गेला नाही. "हे काय लावताय तुम्ही?"

"हळद," आत्या म्हणाली.

"रोज?"

"रोजच की. पान कापतं न्हवं."

"मी विचारलं होतं तुम्हाला, क्रीम, लोशन—"

"हळद काय क्रीम हाय व्हय मॅडम?" आई म्हणाली. त्या गोष्टीत आईची काही चूक नव्हती. आत्याचीही नव्हती. मॅडमनी विचारायला हवी ती गोष्ट विचारलीच होती, फक्त तळावर ज्या नावानं ती असते त्या नावानं नाही. हळदसुद्धा जांभळ्या उजेडात चमकते. कातडीतल्या त्या चिवट मालापेक्षाही जास्त चमकते म्हणे. मशीनला काय, चमकलं की म्हातारं.

मॅडमनी सगळ्यांना हात जोडले की आठ दिवस हळद लावू नका. बायांनी आठ दिवस नुसतं खोबरेल लावलं आणि मॅडमना शिव्या दिल्या. मग मॅडम परत आल्या, साबणानं हात धुवून घेतले, जांभळा उजेड लागला. आईचं वय सेहेचाळीसवर उतरलं आणि तिनं वडिलांना माफ केलं. आत्याचा आकडा आला बावन्न. मॅडमनी तिला स्वतःच्या स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, लघवी तपासली. साखर नाही. किडनी ठणठणीत. रक्त तेवढं कमी; ते तळावरच्या सगळ्याच बायांचं कमी आहे. पाय त्यानंच सुजत होते.

मॅडम त्या दिवशी ओके म्हणत होत्या, पण प्रश्नासारखं नाही, स्वतःला समजावल्यासारखं. म्हणाल्या, मी तो आकडा तुम्हाला दाखवायलाच नको होता, ताई. माझी चूक झाली. आत्या म्हणाली, "हात माझा हाय म्हनून मीच बघितला. तुमी तपासायला सांगितलं हुतं. मी गेले न्हाई." आई मध्ये काहीतरी बोलणार होती. आत्यानं तिच्याकडं बघितलं. त्यामुळं एका आकड्यानं काय झालं ते मॅडमना अजून माहीत नाही.

त्यांनी जाता जाता एवढं सांगितलं की बावन्न हा मात्र बऱ्यापैकी खरा असावा. चव्वेचाळीस आणि बावन्न यांतला जो फरक आहे, तो उन्हाचा, चुलीच्या धुराचा, मिश्रीचा, उपाशीपोटी तोडण्याचा. तो परत मिळत नाही, पण सावलीत राहिलं, मिश्री सोडली, तर पुढं चढायचा वेग कमी होतो. सावलीत राहिलं तर. आत्यानं मान हलवली.

पट्टा पडला. बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर चढली. मी परीक्षा संपवून सामान बांधायला आले होते. काष्टीत बाजाराचा दिवस होता, म्हणून ट्रॅक्टर तासभर थांबणार होता. वडील बाजार करायला गेले. आत्या म्हणाली, चल गं, पाय मोकळे करून येऊ. कुठं जायचं ते तिनं कुणाला विचारलं नाही. सरळ गेली.

गाळ्यापुढं लिंबाचं झाड होतं. चांगलं डेरेदार. भागवत त्याच्याखाली बसून कासरा वळत होता, शर्टाला इस्त्री होती. आम्हाला बघून त्याचे हात थांबले. राजेश्वरी आतून आली, गोल चेहऱ्याची, हसरी. कोण म्हणून तिनं बघितलं तर तो म्हणाला, एका टोळीत हुतो. "मग बसा की ताई, उनातनं आलाव," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

आत्या बसली नाही. तिच्याकडं वेळ थोडा होता आणि तो तिनं वाया घालवला नाही.

"तुमच्या बायकूबद्दल बोलले ते खोटं हुतं," ती म्हणाली. "बोलत हुते तवा बी मला म्हाईत हुतं."

भागवत खाली बघत राहिला. "म्हंजे बगा," तो म्हणाला. आम्ही बघत उभे. बाजारात कुणीतरी बैलाचे दात मोजून ओरडत होतं. "मी त्याचा लई इचार केला. राती बसून इचार केला. वाटायचं, खरं बी आसंल. मिरवायलाच नेत आसंन मी तिला. कुनी इचारलं तर सांगायला बरं वाटायचं मला. ते आठवाय लागलं."

आत्याचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता. ट्रॉलीखालून काकासाहेबांना काढलं तेव्हा तो तसा झाला असेल, तेव्हा मी नव्हते. आपण त्याच्या खांद्यावरचं ओझं वाचवलं असं तिनं धरलं होतं, आणि तिनं तर त्याच्याकडं होती नव्हती ती एक स्वच्छ गोष्टच डागाळली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी तिचं केलं ते केलं. त्यात काडीची खोट न्हाई. माझ्या तोंडाला आग लागली हुती त्या दिवशी. हे नीट ऐका आनी ध्यानात ठेवा."

"मग न्हाई का म्हनली?"

आतून स्टोव्हचा आवाज येत होता, आणि राजेश्वरी कपबशा काढत काहीतरी गुणगुणत होती. आत्यानं त्या दाराकडं एकदा बघितलं. खरं सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं. मशीन, हळद, किडनी, सगळं त्यात बसलं असतं, आणि त्याला कळलं असतं की तिनं नाही म्हटलं ते त्याच्यासाठी. मग त्यानं त्याचं काय केलं असतं? या झाडाखाली, या खोलीपुढं, ही बाई चहा घेऊन येत असताना?

"ऊस सुटंना माझ्याच्यानं," ती म्हणाली. "सवय झाली."

त्यानं ते खरं मानलं की नाही, कुणास ठाऊक. त्यानं मान हलवली आणि हातातला पीळ, जो चुकला होता, तो उकलायला घेतला. राजेश्वरी चहा घेऊन आली. ती प्रेमानं बोलत होती, पुढल्या बाजाराला या, घुंगरमाळा नव्या आल्यात. आत्यानं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला, कप विसळून ठेवला आणि पदर सारखा करून निघाली. वाटेत मी खूप बोलले. एरवी माझ्या नकलांना ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. मुकादम काढून दाखवले, प्रार्थना मॅडम काढल्या. ती हसलीही. पण ऐकणारीला कळत होतं की ते हसू चालत्या माणसाला सोबत म्हणून दिलेलं आहे.

ट्रॅक्टरवर चढताना आईनं विचारलं, गेली होतीस? गेली होतीस का गं?

"गेल्ते."

"मग?"

आत्यानं बिऱ्हाडावर जागा केली, पाय पोटाशी घेतले.

"चा बरा करती ती," ती म्हणाली, आणि पदर तोंडावरून ओढून घेतला, उन्हाच्या बाजूनं.